हाकेला ओ

कोल्हापूरच्या बालमेंदू प्रयोगशाळेत एकशेवीस मुलं तपासून झाली होती. डॉ. केतकी बोरावकेंना तेवढ्यावर समाधान नव्हतं. उद्या सरकारी समितीपुढे लहान मुलांच्या हातातल्या फोनवर बंदी मागायची होती. त्यासाठी त्यांना फोनला कधीच न शिवलेलं एक मूल दाखवायचं होतं. ते त्यांच्याच घरात होतं. त्यांची लेक, चार वर्षांची सावनी.

प्रयोगशाळेतल्या हाकमापक यंत्राचं तत्त्व साधं होतं. मूल हाक मारतं तेव्हा मेंदूतली घालमेल वर चढते, ओ मिळाली की उतरते. पहिल्या पाच वर्षांत जो सगळ्यांत आधी ओ देतो, त्यालाच मेंदू आपला माणूस धरतो. पडद्यावरची रेषा त्याच्याच आवाजाने खाली येते, आणि आधीच खाली असली तरी त्या आवाजाला हलते. एकाहत्तर मुलांची रेषा फोनच्या आवाजाने उतरली होती.

"पोरं जन्माला घालतात आणि ओ द्यायला यंत्र ठेवतात," केतकी म्हणाल्या. "जोड्याने मारलं पाहिजे आईबापांना."

"जोडे पुरायचे नाहीत, मॅडम," यंत्र सांभाळणारे डॉ. मुलाणी म्हणाले.

सावनीला हाकमापकाची टोपी घालून काचेच्या खोलीत बसवलं. समोर रंगखडू दिले. थोड्या वेळाने तिने हाक मारली, "आई!" रेषा ताडकन वर गेली. केतकी ओ द्यायला माइककडे वाकल्या आणि नेमका खिशातला फोन थरथरला. समितीचे सचिव. घेणं भागच होतं. त्यांनी काचेतून लेकीला एक बोट दाखवलं आणि पाठ फिरवली.

वळल्या तेव्हा रेषा खाली आलेली.

"बघा," त्या म्हणाल्या, "आईच्या आवाजाने..."

"तुम्ही अजून बोललाच नाहीत," मुलाणी म्हणाले आणि खोलीतला आवाज वाढवला.

सावनी चित्र रंगवता रंगवता स्वतःलाच समजावत होती. हेल थेट केतकींचा. "एक मिनिट हं बाळा, फोन आलाय."

केतकी घाईने म्हणाल्या, "बोल बाळा, मी आहे." रेषा हललीसुद्धा नाही. परक्या बाईच्या आवाजाला ती अशीच पडून राहायची.

तक्त्यात दोनच रकाने होते, आईवडील आणि फोन. केतकींनी तिसरा आखला, स्वतः, आणि त्यात पहिलं नाव लेकीचं लिहिलं. मुलाणींनी विचारलं, उद्या हे दाखवायचं? त्या म्हणाल्या, सगळ्यांत आधी हेच, माझ्या नावासकट.

मग फोन बंद करून त्या खोलीत गेल्या, लेकीशेजारी फरशीवर बसल्या आणि म्हणाल्या, "सावनी."

सावनीने मान वर केली नाही. फक्त एक बोट वर केलं.