नक्कल अजून चालू आहे

अकोल्यात माझ्या दुकानावर नुसती 'रेडिओ दुरुस्ती' एवढीच पाटी आहे. खाली मालकाचं, म्हणजे माझं, नाव होतं, ते मीच खरडून काढलं. का, ते सांगतो. थापाड्या म्हणून माझी ख्याती आहे, तेव्हा तुम्ही हसाल. हसा. फक्त तो कंदील जरा मोठा करा.

पासष्ट साल. कपाशीचा हंगाम होता. बाळापूरचे खुशालराव काखेत डबा धरून आले. डब्यात टेपरेकॉर्डरचं रीळ. त्यांच्या लेकीच्या, गोदाच्या लग्नात लाउडस्पीकर माझाच होता, आणि हौसेनं मी बायकांचे उखाणे माझ्या जर्मन मशीनवर भरून घेतले होते. ते हे रीळ.

"गोदाची माय पोळ्याच्या सुमाराले गेली," ते म्हणाले. "फोटो बी नाई तिचा. आवाज तेवढा यात हाय. अन् पट्टीचे तुकडे पडून राहिले. दुसऱ्या रिळावर उतरवून द्या, बाप्पा."

"देतो. पन कापसाच्या जिनिंग कारखान्याले सुट्टी असन त्या दिवशी या."

"काहून?"

"जिनिंग चालू असली का वीज मंदावते. मंग पट्टी रखडते, अन् मैनाबाईंचा आवाज रेड्यावानी येते."

ते पहिल्यांदाच हसले.

सुट्टीच्या दिवशी दुपारी आले. गावभर शांतता. उन्हाच्या तिरिपेत कापसाचे तंतू तरंगत होते, सरकीच्या तेलाचा गोडसर वास सुटला होता. मी स्पिरिटनं मशीन पुसलं, तुटलेली पट्टी जोडली, शेजारी दुसरं मशीन ठेवून दोघांमध्ये वायर लावली. इकडे जुनं रीळ, तिकडे कोरं.

मैनाबाईंचा आवाज आला. "नदीकाठी पिकली बोरं, वेचाले गेली सई..." आणि मग नुसतं हसू. मला आठवत होतं. तोंडाला पदर लावून त्या नाव न घेताच आत पळाल्या होत्या. उभ्या जन्मात त्यांनी नवऱ्याचं नाव घेतलं नाही. उखाण्याबाहेर तेव्हाच्या बायका घेतच नसत. माझी वच्छलासुद्धा नाही. अमरावतीच्या दवाखान्यात शेवटच्या दिवशीही तिनं मला "अवो" एवढंच म्हटलं.

पट्टी रखडायला लागली. मी विजेचा काटा पाहिला, ठीक होता. रबरी पट्टा पाहिला, ताठ होता. तेवढ्यात जुनं रीळ संपलं. त्याचं टोक सुटून फट फट आपटत राहिलं. नक्कल तिथंच थांबायची... पण कोरं रीळ फिरतच होतं, घाण्याच्या बैलासारखं संथ. आणि स्पीकरमधून मैनाबाई म्हणाल्या,

"...खुशालराव, या जी आता, मले करमत नाई."

खुशालरावांच्या हातात चहाची बशी होती.

"ओ," ते म्हणाले. हळूच. ओसरीवरून घरात ओ द्यावी तसे.

"खुशालराव... थे यात नव्हतं."

"राहू द्या ना, बाप्पा. जलमभर वाट पाह्यली त्याची."

नक्कल त्यांनी नेली. जुनं रीळ माझ्याकडे ठेवलं. "एक तुमच्यापाशी असू द्या. माह्या घरी उंदीर लय."

थोड्याच दिवसांनी गोदा आली, तेच नवं रीळ घेऊन.

"बाबा गेले," ती म्हणाली. "दुपारी बाजेवर पडले होते. एकदम 'आलो, आलो' म्हनत उठले, अन् तसेच... अन् यात मायचा आवाजच नाई, दादा. नुसती खरखर."

मी जुनं रीळ लावलं. उखाणा आला. हसू आलं. आणि हसण्याला लागूनच, जवळून, पुरुषाचा आवाज: "ओ."

नकलेच्या वेळी हे रीळ मी फक्त वाजवलं होतं, त्यावर काही भरलं नव्हतं. आणि लग्नात त्या घटकेला खुशालराव बाहेर वऱ्हाडाला वाढत होते. गोदा मात्र पदरात तोंड खुपसून रडत होती, हसत होती. "दोघंबी एकाच जागी घावले! याची बी नक्कल करून ठेवा, दादा. हे गेलं तर माह्याजवळ कोनीच राहत नाई."

नाही कसं म्हणू? लावली दोन्ही मशीनं. पुन्हा तीच रखड. पुन्हा जुनं टोक फट फट. स्पीकरमध्ये बायका खुदखुदत होत्या, आणि एक कोणी म्हणाली,

"खुशालराव झाले. आता त्या मशीनवाल्याचं नाव कोन घेते, वो?"

बांगड्या वाजल्या. गर्दीतून कोणी पुढं आलं. त्यातली एक बांगडी तडकलेली होती. तो चिरका आवाज मी माझ्या स्वयंपाकघरात वर्षानुवर्षं ऐकला होता. मग घसा खाकरल्याचा आवाज...

मी वायर उपटली.

"काहून बंद केलं?" गोदानं विचारलं. तिनं काय ऐकलं, मी विचारलं नाही. जुनं रीळच तिच्या ओटीत घातलं, म्हटलं, जपून ठेव.

पाटी त्याच संध्याकाळी खरडली. पण वच्छलाला पाटी वाचायची गरज थोडीच आहे?

ते अर्धवट भरलेलं रीळ अजून मशीनवरच आहे, कापडाखाली. वायर नाही, वीज नाही. तरी जिनिंगच्या सुट्टीच्या दुपारी कापड उचललं, की कोरी पट्टी जराशी कमी झालेली दिसते. मी हात लावत नाही.

मागच्या वेळी बोटभर उरली होती.