वाफेतली खाडी

सिटी बसने नाशिकच्या गंगापूर रोडवर करकचून ब्रेक मारला आणि शेजारी बसलेल्या माणसाच्या मांडीवरची टोपली कलंडली. आतल्या ओल्या गोणपाटातून गळणारं पाणी थेट वेदिकाच्या ओढणीवर.

"अहो!"

"सॉरी... सॉरी हं मॅडम. समुद्राचंच पाणी आहे." तो खिशात रुमाल शोधू लागला. उन्हाने रापलेला चेहरा, आणि डोळे मात्र चोरी पकडल्यासारखे.

"काय आहे एवढं टोपलीत?"

"तिसऱ्या."

"आणि पहिल्या दोन कुठे गेल्या?"

तो क्षणभर गोंधळला, मग असा मोकळा हसला की पुढच्या बाकावरच्या बायकाही वळून बघू लागल्या. "शिंपले असतात हे. आमच्या रायगडकडे त्यांना तिसऱ्याच म्हणतात. पहिल्या-दुसऱ्या नसतात."

वेदिकालाही हसू फुटलं. तिने ओढणीचं टोक नाकाशी नेलं आणि थबकली.

"समुद्राचं पाणी म्हणता... मग रॉकेल कुठून आलं?"

त्याचं हसू तिथेच विझलं.

निफाडच्या द्राक्ष बागायतदाराची ही मुलगी नाशिकजवळच्या एका वायनरीत वास आणि चव पारखायचं काम करायची. तिच्या नाकापासून काही लपत नसे. तिने ते सांगितलं, तसा तो तिच्याच स्टॉपवर तिच्या मागोमाग उतरला.

त्याचं नाव योगेश. खाडीच्या तोंडाशी असलेल्या कोळीवाड्यातला. काही वर्षांपूर्वी भर समुद्रात एका जहाजाचं तेल सांडलं आणि भरतीबरोबर खाडीत शिरलं. वरचा काळा तवंग एका हंगामात गेला, लोकांच्या तोंडचा विषयही संपला. पण तेल खाली चिखलात मुरून बसलं. पावसाळ्यात चिखल ढवळला की ते पुन्हा वर यायचं. माशांची पिल्लं खाडीत टिकेनाशी झाली. ओहोटीला तिसऱ्या काढणाऱ्या बायका, त्यात योगेशची आईही, दूरच्या कारखान्यात कोळंबी सोलायला जाऊ लागल्या.

"इथला एक हॉटेलवाला सगळ्या गावाचा माल घ्यायला तयार आहे," तो म्हणाला. "पण एक जरी प्लेट वासाची निघाली, तर आमच्या गावाचं नाव कायमचं गेलं. मला तर काहीच वास येत नाही हो."

"तुम्ही रोज त्यातच राहता. नाक सरावलंय तुमचं."

"आज नाही देत हा माल," तो म्हणाला. " पुढच्या महिन्यात परत आणला... तर बघाल?"

अशी सुरुवात झाली.

वास पारखायचा तर तिसऱ्या वाफवायला हव्यात, असं वेदिकाचं म्हणणं. दडलेला वास वाफेबरोबर बाहेर पडतो. म्हणून कोपऱ्यावरच्या मालनबाईंच्या चहाच्या टपरीतला एक स्टोव्ह त्यांनी मागून घेतला.

"माझ्या चहाला मासळीचा वास लागला तं गिऱ्हाईक पळंल," मालनबाई कुरकुरायच्या. "आन तुम्ही दोघं त्या पातेल्यात बघता का एकमेकांकडं, तेबी कळत नाय."

"पातेल्यातच, मावशी," योगेश म्हणायचा.

"मंग झाकण कधीचं उडू ऱ्हायलंय, ते दिसंना व्हय रं?"

दर महिन्याला तो यायचा. वेदिका डोळे मिटून वाफेवर वाकायची आणि तो श्वास रोखून तिच्याकडे बघत राहायचा. तिच्या कपाळावर एक बट चिकटायची. ती बाजूला करायला त्याचा हात उठायचा... आणि पुन्हा खाली जायचा.

"आहे?"

"आहे. पण मागच्यापेक्षा कमी."

"बघा हं. माझ्यावर दया म्हणून कमी सांगू नका."

"दया? तुमच्यावर?" ती डोळे न उघडताच म्हणायची. "ओढणीचा हिशेब बाकी आहे अजून."

श्रावणात मात्र वास पुन्हा उसळून आला. योगेश टोपली उचलून निघाला. वेदिका भर रस्त्यात त्याच्या मागे धावली.

"पुढच्या महिन्यात येणार ना?"

"काय उपयोग? हॉटेलवाले म्हणालेत, या थंडीपर्यंत थांबतो. मग दुसरीकडून घेईन."

"थंडी यायची आहे अजून," ती धापा टाकत म्हणाली. "तुम्ही या."

तो आला. पुन्हा पुन्हा आला. आणि एका कडाक्याच्या थंडीतल्या सकाळी झाकण उघडलं तेव्हा वेदिका नेहमीपेक्षा जास्त वेळ वाफेत राहिली. मीठ. ओला खडक. मागून हलकासा गोडवा. शेवटी येणारा तो रॉकेलचा बोचरा वास आलाच नाही.

'थोडा आहे अजून', एवढंच म्हणायचं, की तो पुढच्या महिन्यात पुन्हा येईल. शब्द ओठांवर आले होते. तिची नजर त्याच्या हातांवर गेली. शिंपल्यांच्या कडांनी चिरलेले हात.

"नाही," ती म्हणाली. "काहीच वास नाही. माल स्वच्छ आहे."

त्याने उडी मारायला हवी होती. त्याने पातेलं पुन्हा तिच्यापुढे सरकवलं.

"परत बघता एकदा?"

"बघितलं."

"सर्दी-बिर्दी नाही ना झाली तुम्हाला?"

"नाही."

"अगदी थोडासाही... नाही?"

"आरं येड्या!" मालनबाईंनी कपबशा आदळल्या. "तिनं तुला पास केलं, आन तू नापासाचं तोंड काय करतो?"

"पास झालं की शाळा सुटते ना, मावशी," योगेश खाली बघत म्हणाला.

कुठून कोण जाणे, वेदिकाला धीर आला.

"एक अडचण आहे," ती म्हणाली.

"कसली?"

"ही एक टोपली झाली. पुढच्या पावसाळ्यात चिखल पुन्हा ढवळणार. इथे बसून नाही कळायचं ते. खाडीवरच येऊन बघावं लागेल... प्रत्येक ओहोटीला."

"ओहोटी दिवसातून दोनदा येते, वेदिका." पहिल्यांदाच त्याने तिला नावाने हाक मारली.

"येऊ दे की."

"म्हणजे तिकडेच राहावं लागेल."

"तेच म्हणतेय मी." तिचे कान लाल झाले होते. "पण आधी निफाडला येऊन आमच्या अप्पांना भेट. आणि रिकाम्या हाताने येऊ नकोस."

"काय आणू? तिसऱ्या?"

"आईला घेऊन ये."