दहावा लाल दिवा

आमच्या घरात नऊ लाल दिवे व्हते, आन एकाचीबी गाडी नव्हती.

ही चौसष्ट सालची गोष्ट. मी वाघाला भजी चारल्याचं सांगते तवा तुमी हसता. हसा. त्यात मी मीठमसाला घालते, कबूल. हितं घालायला जागाच न्हाई. उलट थोडं काढूनच सांगते.

लोणावळ्यात वलवणच्या बाजूला, मुंबईच्या रस्त्याला लागून आमचं दुकान व्हतं. पुढं दुकान, मागं दोन खोल्या, मदी नुसता गोणपाटाचा पडदा. आमचे मालक, निवृत्ती मिस्तरी, ट्रकांचे डायनामो आन बॅटऱ्या दुरुस्त करायचे. पण जीव सगळा लाल दिव्यांत. दवाखान्याच्या गाडीवरचे, आगीच्या बंबावरचे, लष्कराच्या ॲम्ब्युलन्सवरचे. गाडी भंगारात निघाली की तिचा दिवा आमच्या फळीवर.

गंजलेली कडी दोन दिस रॉकेलात भिजत घालायची. काचेला चुलीतली राख. रबर कुजलं असंल तर जुन्या ट्यूबचं कापून बसवायचं. आतली आरशाची वाटी मातुर बोटानं शिवायची न्हाई, बोटाचं तेल लागलं की ती कायमची आंधळी. ती कापसानं पुसायची, श्वास धरून. सगळं झालं की बॅटरीला जोडायचा. भितीवर लाल उजेड पडला की मालकांचं तोंड बघावं.

"चंपा झाली तवाबी येवढं हसला न्हाईत," मी म्हणायची.

"चंपा आपसूक रडली. ह्याला पेटवाया महिना गेला."

चंपा आमची एकुलती एक. तवा आठ वर्साची. तिच्याआधीची दोन लेकरं राहिली न्हाईत, म्हणून ती शिंकली तरी माझी सासू अंबूबाई तिच्यावरनं मीठ-मोहऱ्या उतरवायची.

दहावा दिवा केरबानं आणला. केरबा जुन्या गाड्या तोडायचा, कुसगावात त्याचं आवार व्हतं. ह्यो दिवा फिरता व्हता. मदोमद बल्ब उभा, त्याच्या भवती आरशाची वाटी मोटारीवर फिरायची, आन वरनं लाल काचेचा घुमट. काचेतनं वाटीचं तोंड कुणीकडं हाय ते नीट दिसायचं.

"कुठल्या गाडीचा?" मालकांनी इचारलं.

"दवाखान्याच्या. घाटात उलाटली व्हती म्हणं."

"आन आतली माणसं?"

"मिस्तरी, मी लोखंड इकत घेतो, माणसं न्हाई."

नऊ दिव्यांनी मालकांचं ऐकलं, दहावा ऐकंना. मोटार बाहेर काढली की गुणगुणायची, आत बसवली की मुकी. दोनदा तारा बदलल्या. चांभाराकडनं चामड्याचा बारका पट्टा करून आणला. बल्ब पेटायचा, वाटी हलायची न्हाई. भितीकडं तोंड करून बसायची, रुसलेल्या जावयासारखी. शेवटाला मालकांनी तारा काढल्या आन त्याला फळीवर ठेवून दिला.

मंग आषाढातली दिव्याची आवस आली.

त्या दिशी घरातला एकूणएक दिवा घासूनपुसून पाटावर मांडायचा, हळद-कुंकू लावायचं, कणकेचे गोड दिवे उकडून निवद दावायचा. मी समई मांडली, निरांजनं मांडली, कंदील, चिमणी, गॅसबत्ती, मालकांची टॉर्चसुदिक. आन मला काय खोडी सुचली, मी फळीवरचे दहाच्या दहा लाल दिवे आणून त्या रांगंत बसवले.

अंबूबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू, पण लाल तेवढं दिसायचं.

"हे गं काय?"

"घरातला एकबी दिवा ऱ्हाता कामा न्हाई, तुमीच म्हणता."

"घरातला! हे घरातले हायती व्हय? घरचा दिवा आत येणाऱ्याला वाट दावतो. हे बाहेर नेणाऱ्याला दावत्यात. उचल."

मी उचलले. नऊ. दहावा उचलायच्या आधी तिची पाठ वळली, तेवढ्यात मी त्याच्या काचंला कुंकू लावलं, पुढं कणकेचा दिवा ठेवला आन म्हणलं, "तू बस बाबा आमच्यात. आमच्या माणसांवर ध्यान ठेव."

मला वाटलं, रुसलेला हाय, जरा लाडानं वळंल.

वळला.

दुसऱ्या दिशी दुपारी मी च्या घेऊन दुकानात गेले. रस्त्यावर धुकं व्हतं, ट्रका दिवे लावून चाललेल्या. फळीवरच्या दहाव्या दिव्याची वाटी रस्त्याकडं तोंड करून व्हती.

"तुमी फिरवली?"

"मी हातबी लावला न्हाई. ट्रका जात्यात, हादरे बसत्यात, फिरली असंल."

मालक माझ्यासारखे न्हाईत, त्यांना गोष्टी सुचत न्हाईत. त्यांनी खडूनं दिव्याखाली फळीवर खूण केली, आन एक दोरा घेतला. दोऱ्याचं एक टोक घुमटाला, दुसरं वाटीच्या तोंडासमोर ताणत नेलं. दोरा रस्ता ओलांडून सरळ समोरच्या सावित्राबाईच्या भज्यांच्या टपरीत गेला. सावित्राबाई बाहेर येऊन म्हणली, "मिस्तरी, मला पतंगासारखी उडवता का काय?"

आमी लय हसलो.

तिसऱ्या दिशी सकाळी सावित्राबाई कढईपाशी बसल्या जागी कलंडली. दवाखान्याची गाडी आली. ती माघारी आली न्हाई, म्हंजी सावित्राबाई.

वाटी मंग चार दिस भितीकडं व्हती. पाचव्या दिशी केरबा आला, बाकड्यावर बसला, आन मी बघितलं तर वाटी बाकड्याकडं. केरबा उठून दाराशी गेला, बिडी पेटवली. मी वाटी फिरताना काय बघितली न्हाई, तसं सांगणार न्हाई. मी केरबाकडं बघितलं आन परत दिव्याकडं बघितलं, तवर ती दाराकडं झाली व्हती.

"केरबाभाऊ, आज गाडीखाली जाऊ नका," मी म्हणलं.

"मावशी, गाडीखाली न्हाई गेलो तर खाऊ काय?"

त्याच दिशी जॅक निसटला. पाय मांडीपासनं मोडला. जीव वाचला.

मालकांनी ते ऐकलं आन पान्यानं दिव्याची मोटार काढली, वाटी काढली, कापसात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात घातली. डबा बाजंखाली.

दोन दिसांनी मी झाडताना डबा वडला. झाकण उघडून बघायची काय गरज व्हती? पण मी उघडलं. कापूस एका बाजूला झाला व्हता. वाटी उभी व्हती, तिच्या कडंवर, कुणी टेकू दिल्यागत. तोंड आतल्या खोलीकडं.

आतल्या खोलीत चंपा पाटी घेऊन बसली व्हती.

मी तिला म्हणलं, चुलीपाशी बस. ती उठून चुलीपाशी गेली. मी डब्यात बघितलं.

मी मालकांना हाक मारली. त्यांनी दोरा लावला. मी चंपाला दाराशी बसवलं, मोरीपाशी बसवलं, पाण्याच्या पिंपामागं बसवलं. दोरा दर बारीला तिच्या छातीवर टेकला. तिला वाटलं खेळ चाललाय. हसत व्हती.

तिला ताप न्हाई, खोकला न्हाई, काय न्हाई.

अंबूबाई सगळं ऐकत बसली व्हती. मी रडतरडत कुंकवाचं सांगितलं. मला वाटलं आता ती माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करंल. ती म्हणली, "चूक तुझी हाय, पण दिव्याची न्हाई. तू त्याला ध्यान ठेवाया सांगितलंस. त्यो ठेवतोय. ज्याला न्यायचं त्याच्याकडं बघायचं, येवढंच त्याला येतं."

"मंग फोडून टाकू," मालक म्हणले.

"कुंकू लावलेला दिवा फोडतोस? फोडल्यावर काय बघायचा थांबंल?" ती म्हणली. "आमच्या आंदर मावळात कसली आलीय गाडी. माणूस आजारी पडलं की घोंगडीची झोळी करायची, चौघांनी वडगावपातुर न्यायची. न्यायचं ठरलेलं असलं की न्यावंच लागतं. पण नेलेलं माणूस माघारीबी येतं. त्याला नेऊ दे पोरीला. तुमीच न्या, आन तुमीच आणा. काम झालं की गप बसंल."

मालक हसतील असं मला वाटलं. ते उठले आन दिवा जोडाया बसले.

"एक ध्यानात ठेव," सासू मला म्हणली. "येताना पोरीला मागंच बसव, नेली तिथंच. झोळी रिकामी माघारी आणायची न्हाई. आमी माणूस गेलं तर झोळीत धोंडा घालून आणायचो. रिकामी जागा कुणीबी धरतं."

केरबाची जीप मागून आणली. टपावर दहावा दिवा बसवला. मागं वाकळ अंथरली, चंपाला तिच्यावर निजवलं. मालकांनी तारा जोडल्या. महिनाभर मुका राहिलेला दिवा पहिल्या झटक्यात फिरला. आवाज न्हाई, धक्का न्हाई.

सकाळचे धा वाजले असतील. कार्ला, कामशेत, वडगाव. लोकांनी काय वाट दिली! बैलगाड्या खाली उतरल्या, ट्रका बाजूला झाल्या, वडगावात एका हवालदारानं सलाम ठोकला. चंपानं निजल्या निजल्या त्याला परत सलाम केला.

तळेगावच्या दवाखान्यात डाक्टर धावत बाहेर आले.

"काय झालंय मुलीला?"

"अजून काय न्हाई," मी म्हणलं.

"मग मी काय व्हायची वाट बघू?"

पण माणूस चांगला. छाती बघितली, पोट बघितलं, जीभ बघितली. "ठणठणीत आहे. घरी न्या," म्हणले, आन तिला दोन गोड गोळ्या दिल्या.

मालक बाहेर आले आन कपाळाचा घाम पुसला. मी देवाला हात जोडले. "चला," म्हणलं, "चंपे, मागं बस."

चंपा जीपच्या मागं जाऊन उभी राहिली. चढंना.

"चढ की."

"मागं जागा न्हाई, आये."

मी बघितलं. वाकळ, पाण्याचा तांब्या. दुसरं काय न्हाई. म्हणलं, लाड करतीय, पुढं बसायचं असंल. आन माझा जीव इतका हलका झाला व्हता की सासूचं बोलणं मनातनं पार गेलं. मी तिला उचलून पुढं मांडीवर घेतलं.

धोंडा ठेवायचा तर इचारबी आला न्हाई.

येताना दिवा फिरत व्हता, पण सावकाश. मालक म्हणले बॅटरी उतरली. कामशेतपासनं धुकं लागलं. चंपानं सगळ्या वाटंत एकदाबी मागं बघितलं न्हाई.

अंबूबाई दारात उभी व्हती, पायाशी भाकरीच्या तुकड्यांचं टोपलं, हातात पाण्याचा तांब्या. दवाखान्यातनं आलेल्या माणसाला असं ओवाळल्याबिगर आत घेत न्हाईत. तिनं चंपाला ओवाळलं, तुकडा लांब फेकला. मला ओवाळलं. लेकाला ओवाळलं. आमी आत आलो.

ती तिथंच उभी राहिली. टोपल्यातनं चवथा तुकडा घेतला.

"आई, आता कुणाला?" मालकांनी इचारलं.

"थांब बाई," ती म्हणली, आमाला न्हाई. "अशी येऊ नको, ओवाळते."

आन ओवाळलं. उंबऱ्यावर पाणी टाकलं. बाजूला सरून वाट दिली.

मी सासूला म्हणलं, "मामी, आमी तिघंच गेलतो."

तिनं माझ्याकडं तोंड केलं. मोतीबिंदूचे ते पांढरे डोळे. हातातला तांब्या खाली ठेवला आन हळूच इचारलं, "येताना पोरगी कुटं बसली व्हती?"

मी सांगितलं.

ती काय चिडली न्हाई. घरात आमी चौघं, पण त्या दिशी तिनं ताटं मांडली ती पाच. पुढंबी जिती व्हती तवर पाचच मांडायची. पाचवं ताट आमी कुणी उचललं न्हाई.

दुसऱ्या दिशी सकाळी मालकांनी दिवा परत फळीवर ठेवला, तारा काढून. वाटी आतल्या खोलीकडंच व्हती. त्यांनी दोरा ताणला. चंपा पाटीवर बाराखडी काढत बसलेली. दोरा तिच्या छातीवर आला न्हाई. तिच्या शेजारनं गेला, खांद्यापासनं एक वीत सोडून, आन तिथं हवेत संपला. त्यांनी तिला उठवून मोरीपाशी बसवलं. तिथंबी एक वीत. दाराशीबी एक वीत.

"सुटली," मालक म्हणले. आन दोरा गुंडाळून ठेवला.

चंपा सुटली, खरं हाय. ताप म्हणून कधी आला न्हाई तिला. लगीन झालं, लेकी झाल्या, आता लेकींच्या लेकी हायती. दहावा दिवा माझ्यापाशीच हाय. दर आवसंला घासते, कुंकू लावते, पण तोंडानं काय बोलत न्हाई.

चंपा सणाला येती तवा तुमी तिच्याकडं नीट बघा. बाजंवर बसली, बाकावर बसली, एस्टीत बसली तरी ती आधी थोडी सरकती. शेजारी कुणी नसतं. एका माणसापुरती जागा करती, पदर आवरून घेती, आन मंग टेकती.