मागच्या बाकावरची शांती

उचापती हे काही त्याचं खरं नाव नव्हतं, पण इस्पितळात त्याला दुसऱ्या कुठल्या नावानं हाक मारली असती तर त्यानं मान वळवली नसती. प्लास्टर रूम त्याच्या ताब्यात होती. मोडका हात आला की ओल्या पट्ट्या गुंडाळता गुंडाळता तो पेशंटला असा काही हसवायचा, की हाड कधी जागेवर बसलं ते त्या बिचाऱ्याला कळायचंही नाही. कुणाच्या प्लास्टरवर मिश्या काढ, हेडनर्सच्या ग्लोव्हजमध्ये ओलं प्लास्टर भरून ठेव, असले धंदे. पन्नाशी गाठली तरी वांडपणा जात नव्हता.

रविवारी सकाळी मात्र हाच माणूस केसबिस विंचरून चर्चला जायचा आणि तासभर शहाण्यासारखा बसायचा.

ते बसणं अलीकडे जड झालं होतं. गावाचं वारं फिरलं होतं. आधी चर्चच्या काचांवर दगड आले, मग भिंतीवर नको नको ते लिहिलं गेलं, मग त्या दारातून आत कोण जातं यावर लोक डोळा ठेवायला लागले. कुणाची गिऱ्हाइकं तुटली, कुणाला घर सोडायला सांगितलं. एकेक कुटुंब गळत गेलं. शेवटी उरले दोघं. वेदीपाशी म्हातारे फादर आणि समोरच्या बाकावर उचापती.

त्यात मुलीचं लग्न ठरत आलं होतं. मुलगा चांगला होता, मुलीला आवडलेला होता. त्याच्या घरचे गोड बोलून गेले होते. मुलगी पसंत आहे, फक्त तिच्या बाबांचं रविवारचं ते जाणं थांबलं तर बरं, लोक विचारतात.

"अहो, देवाला घरातूनही ऐकू येतं," बायको म्हणाली.

"फादरना नाही ना येत! त्यांना कानाशी जाऊन ओरडावं लागतं."

"चेष्टा पुरे. पोरीकडे बघा जरा."

तो बघत होताच. म्हणून तर रात्री कूस बदलत पडायचा.

मिस्सामध्ये, म्हणजे रविवारच्या उपासनेत, एक जागा येते, तिथं फादर म्हणतात, "एकमेकांना शांतीची खूण द्या." मग लोकांनी शेजाऱ्याचा, मागच्याचा हात हातात घ्यायचा आणि म्हणायचं, शांती असो. चर्च भरलेलं असायचं तेव्हा तिथं नुसता गलका व्हायचा. आता फादर ते वाक्य रिकाम्या बाकांना म्हणायचे आणि म्हणताना त्यांचा आवाज खाली जायचा. एका रविवारी उचापतीला ते बघवेना. तो मागं वळला, रिकाम्या बाकाकडे हात पुढं केला आणि मोठ्यानं म्हणाला, "काय काका, शांती असो! गुडघे काय म्हणतात? अगं मावशी, केवढी बारीक झालीस!" बाकामागून बाक फिरला. फादर हसले. हसता हसता डोळे पुसायला लागले.

बरं वाटलं. पुढच्या रविवारी त्यानं परत तेच केलं.

"शांती असो, काका," तो म्हणाला, आणि कुणीतरी त्याचा हात धरला.

उबदार, खरखरीत तळवा. घट्ट पकड. डोळ्यांसमोर नुसता बाक, त्याच्या पाठीवर खिडकीतून आलेलं ऊन. हात दोनदा हलला आणि सुटला.

उरलेले बाक तसेच सोडून तो जागेवर येऊन बसला. इतकी वर्षं तो देवाकडे मागत आला होता, एकदा तरी कळू दे की तू आहेस. मग हे ते होतं का? आणि ते असेल, तर परत मागं वळून बघायचा धीर का होत नव्हता?

घरी त्यानं बायकोला सांगितलं. तिनं भाजी चिरणंही थांबवलं नाही.

"मागं शेजारणीच्या खिडकीशी पांढरी चादर पांघरून कोण उभं राहिलं होतं?"

"अगं, ती गंमत होती."

"आणि ही नाही?"

फादरनीही पाठीवर थाप मारली. "तुझं चालू दे. मला बरं वाटतं."

जन्मभर लोकांना बनवलं, आता खरं बोलायची पंचाईत!

त्यानंतरच्या रविवारी हात वाढले होते. एक थरथरता, कातडी सुटलेला. एक इवलासा, घामेजलेला. तो बाकामागून बाक जात राहिला, तोंडानं शांती असो, शांती असो म्हणत, कारण थांबलं तर काय होईल ते कळत नव्हतं. एक हात त्यानं ओळखला. मनगटाशी हाडाचा उंचवटा होता. ते मनगट त्यानंच बांधलं होतं, टेलरबाईचं. शिवणकाम अडतं म्हणून बाईनं प्लास्टर आधीच कापून टाकलं आणि हाड वाकडं जुळलं.

आता टेलरबाई धडधाकट जिवंत होती. गिऱ्हाइकं तुटायला लागली तेव्हा तिनं चर्च सोडलं होतं, एवढंच. दुसऱ्या दिवशी तो तिच्या दुकानात गेला. ती मशिनवर होती. त्याला बघून तिनं आधी रस्त्यावर कोण आहे ते बघितलं.

"काही नाही हो, हात कसाय विचारायला आलो."

"बराय." मग आवाज उतरवून म्हणाली, "रविवारी सकाळी तेवढा जातो."

"जातो म्हणजे?"

"बधिर होतो. गार पडतो अगदी. इथंच असतो, समोर दिसतो, पण माझा नसल्यासारखा. डॉक्टर म्हणतात, शीर दबली असेल." तिनं सुईत दोरा ओवायचा प्रयत्न केला, जमलं नाही. "तू अजून जातोस ना रे तिकडे?"

"जातो."

"जात जा," ती म्हणाली आणि मशिन चालू केलं.

शनिवारी मुलाकडचे उत्तर घ्यायला आले. मुलगी दाराआड उभी होती. तिचं पाऊल तेवढं दिसत होतं. उचापतीनं त्या पावलाकडे बघितलं आणि म्हणाला, "थांबवलं म्हणून समजा." सगळे एकदम मोकळं हसले. तोही हसला.

रविवारी सकाळी बायकोनं त्याच्या हातात चहाचा कप दिला. "शेवटी ऐकलंत," ती म्हणाली. तो खुर्चीत टेकला.

आणि तो बाकावर होता.

चालत आल्याचं आठवत नव्हतं. शर्ट घरातलाच होता. वाटेत भेटलेलं एक माणूस आठवेना, चर्चचं दार ढकलल्याचं आठवेना. डाव्या हाताला मात्र कपाची ऊब लागत होती.

बाकांवर दाटी होती. दिसत कुणी नव्हतं, पण दोन्ही बाजूंनी खांदे लागत होते. पूर्वीसारखे, भरल्या चर्चमध्ये लागायचे तसे.

वेदीपाशी फादर उभे होते. सबंध चर्चवरून त्यांची नजर फिरली. त्याच्यावरूनही फिरली, थांबली नाही.

"फादर," तो म्हणाला.

फादरनी पान उलटलं. "आज तोही नाही," ते स्वतःशी म्हणाले.

"अहो फादर, इथं आहे मी!"

मिस्सा पुढं सरकत राहिली. मग ती जागा आली. फादर थांबले. मग कठड्याला धरून, एकेक पायरी बघत खाली उतरले. आणि समोरच्या बाकाकडे, हसू येत नसताना हसत, त्यांनी हात पुढं केला.

"काय उचापती," ते म्हणाले. "शांती असो."

त्यानं तो धरला.

फादरचं हसू गेलं. पण हात त्यांनी ओढला नाही.

"कोण आहे?" त्यांनी हळूच विचारलं.

तो उत्तर देणार, एवढ्यात अगदी कानाशी बायकोचा आवाज आला. "अहो, हाताला काय झालं तुमच्या? किती गार पडलाय."

समोर फादर उत्तराची वाट बघत उभे होते.