कयाधूच्या काठानं पुढं गेलेली

पाय मोडल्याला वर्ष उलटलं, तरी नाहिद बाहेर निघाली की घरातलं कुणी ना कुणी दारापर्यंत हात धरायला यायचं आणि तिचं डोकं फिरायचं. हिंगोलीच्या एका शाळेत ती विज्ञान शिकवायची. मोटारसायकलच्या अपघातात मांडीचं हाड गेलं, आत सळई बसली, पाय आखडला. शाळेनं टेबलाचं काम सुचवलं. नवरा साजीदही म्हणाला, "ऐक की. दिवसभर वर्गात उभं राहणं आता तुला झेपायचं नाही."

त्या रविवारी तिनं बूट घातले, काठी दाराआड ठेवली आणि सांगितलं, "कयाधूच्या काठानं आपाच्या गावाला चालत जाते. दिवस मावळायच्या आत पोचले, की उद्यापासून वर्गात. मग मला कुणी काही सांगायचं नाही."

"दमलीस की फोन कर, ऑटो पाठवतो," साजीद हसला. ती हसली नाही.

माघातली नदी. पात्रातले गोटे उघडे पडलेले, मधून पाण्याची बारीक धार. काठानं बैलगाडीची जुनी वाट; एका अंगाला हरभरा, दुसऱ्या अंगाला बाभळी. पाय दुखत होता, पण चालत होता. बांधावर शेळ्या राखत बसलेला एक म्हातारा तिला पाहून उठलाच.

"अवं बाई, तुमी परत काहून आलाव?"

"परत कुठं, मामा? आत्ताच तर येतेय."

"मघाशी गेलाव की इथून. माझ्याच बाटलीतलं पानी पेलाव. हीच जांभळी ओढनी, हीच पिशवी." म्हाताऱ्यानं तिच्या पायाकडं पाहिलं. "लंगडत मातर नव्हताव."

त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू असेल, असं स्वतःला सांगत ती पुढं निघाली.

पुढच्या शिवारात हळद शिजत होती. पत्र्याच्या ड्रममधून वाफ निघत होती, उग्र वास घशात बसत होता. तिला येताना पाहून कामावरच्या बाया हातातलं काम सोडून एकमेकींकडं बघू लागल्या. त्यांच्यातली थोरली, नर्मदाबाई, हातातलं घमेलं खाली ठेवून म्हणाली, "तुमीच बसलाव ना मघाशी ह्या दगडावर? तुमीच म्हनलाव, मागून एक बाई लंगडत येईल. तिला म्हनावं, माघारी जा. तिची जागा आता राहिली न्हाई."

नाहिदच्या अंगावर काटा आला. पण त्याहून जास्त राग आला.

"अजून काय म्हणाली?"

"काही न्हाई. हसल्या." नर्मदाबाई अडखळली. "म्हंजे, हसलाव."

"गाठतेच तिला," नाहिद म्हणाली. "जागा काय तिच्या बापाची आहे?"

"नका जाऊ, बाई."

ती निघालीसुद्धा.

ओल्या वाळूत पावलं उमटली होती. तिनं शेजारी नव्हे, त्या पावलावरच बूट ठेवला. बराबर बसला. नक्षीसुद्धा तीच. फक्त दोन्ही पाय सारखेच खोल रुतलेले.

नदीच्या वळणावर जांभळी ओढणी दिसली.

"ए! थांब!"

ती बाई वळली नाही. तिनं नुसता हात मागं करून हलवला, कुत्र्याला हाकलावं तसा. नाहिद धावली. मांडीत आग उठली, तरी धावली. वळणावर कुणी नव्हतं.

फोन वाजला. साजीद होता. "जिंकलीस बघ! आपाचा फोन आला होता. जेवून झोपलीस म्हणे?"

"मी अजून वाटेवर आहे."

"बस झाली थट्टा," तो हसला आणि फोन ठेवला.

दिवस मावळता मावळता ती बहिणीच्या गावात शिरली. बिलकीस आपा अंगणात उभी होती. तिच्या हातातला तांब्या निसटला.

"अगे, तू बाहर कब निकली? आत्ता तर पांघरूण घातलं तुझ्यावर."

"बाजूला हो, आपा."

आतल्या खोलीत खाटेवर गोधडी माणसाच्या आकाराची फुगली होती.

"ऊठ," नाहिद म्हणाली. "मी चालत आलेय. ऊठ."

तिनं गोधडी ओढली. खाली कुणी नव्हतं. गादी कोमट होती. नदीकडचं मागचं दार सताड उघडं होतं.

आपा भिंतीला टेकली. "दार लाव, नाहिद. आज इथंच राहा."

"नाही."

तिनं आपाचाच फोन उचलून साजीदला लावला.

"बोला, आपा..." तो म्हणाला. "थांबा हं, दार वाजतंय."

चपलांचा आवाज. कडी निघाली.

"अगं, तू?" साजीद कुणाला तरी म्हणाला. आवाजात आनंद होता. "इतक्यात परत?"

"चालत आले," पलीकडून नाहिदचाच आवाज आला.

"साजीद! तिला आत घेऊ नका!"

मग साजीदनं अदबीनं विचारलं, "कोण बोलताय आपण?"

"तुमची बायको," नाहिद म्हणाली आणि नदीकडच्या दारातून बाहेर पडली. "येतेय. चालत."

फोनमधून आतून कडी लावल्याचा आवाज आला.