उजव्या हाताचं घड्याळ

"ताई, सांभाळून! पायाखाली पोतं हाय."

भुवनेश्वरीचा पाय घसरायचा तो घसरलाच. एक हात काउंटरच्या काचेवर, दुसरा हवेत, आणि खांद्यावरची पर्स थेट मोबाईलच्या रिकाम्या खोक्यांच्या ढिगात. खोकी धडाधड खाली आली. दुकानात ती आणि दुकानदार, दोघंच. बाहेर परतीचा पाऊस धाराशिवच्या एसटी स्टँडवर असा कोसळत होता, की समोर लागलेली तुळजापूरची गाडीही दिसेना.

"सांभाळून म्हटलं हो मी," तो खोकी गोळा करत म्हणाला.

"मग पोतं ठेवलं कशाला?"

"लोक घसरू नयेत म्हणून."

तिला हसू आलं. लई दिवसांनी आलं, म्हणून तिचं तिलाच चुकल्यासारखं वाटलं. ओढणीचं टोक पिळत ती म्हणाली, "घड्याळ पाहिजे. रोज वापरायचं. ते हे... चालणं मोजणारं. लई भारीतलं नको, पण अगदी टाकाऊपण नको."

"स्मार्टवॉच. बसा ताई. कुणासाठी?"

"आहे एकजण."

त्यानं जास्त विचारलं नाही. उमाशंकर त्याचं नाव. तिशीच्या अलीकडचा, सडसडीत, बोलताना दोन्ही हातांनी बोलणारा. त्यानं निळ्या फडक्यावर चार घड्याळं ओळीनं मांडली आणि विचारायला सुरुवात केली.

"मनगट जाड हाय का बारीक? पळायला जातात का नुसतं चालायला? घाम लई येतो का? पट्ट्यानं खाज सुटती काहींना. पाण्यात हात घालायचं काम हाय का? फोन घड्याळावरच घेणार का? आणि घालणार कुठल्या हातात, डाव्या का उजव्या?"

भुवनेश्वरीनं बोलायला तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं.

ती रक्ताच्या लॅबमध्ये कामाला होती. दिवसभर अनोळखी माणसांचे हात हातात घ्यायचे, शीर शोधायची, सुई घालायची. मनगट बघून माणूस शेतातला की कचेरीतला, हे ती डोळे झाकून सांगायची. पण ज्या हातात तिचा हात द्यायचं ठरलं होतं, तो हात तिनं बघितलाच नव्हता. श्रावणात सुपारी फुटली. मुलगा मुरूमचा, वीरभद्र. बघायला आले त्या दिवशी तिची मान खाली, म्हणून पाय तेवढे दिसले. साखरपुड्यात नवऱ्या मुलाला घड्याळ द्यायचं होतं. तिचे वडील, अप्पा, म्हणाले, "थोरल्याचं तू बघ." थोरल्याचं, कारण मुलं दोन होती. सख्खे भाऊ. धाकट्या सोमेशला तिची धाकटी बहीण शिवलीला दिलेली. दोघी बहिणी, दोघे भाऊ, मांडव एकच. शिवलीलानं तर सोमेशशी फोनवर तासभर खिदळत त्याचं घड्याळ ठरवूनही टाकलं होतं, पट्ट्याच्या रंगासकट.

"विचारून सांगते," ती म्हणाली आणि पावसातच खाली उतरली.

विचारलंही तिनं. फोनमध्ये ट्रॅक्टरचा आवाज येत होता. "कसलंबी चालतंय," वीरभद्र म्हणाला. मग थोडं थांबून, "जेवलीस का?" तिनं व्हय म्हटलं, आणि बोलणं संपलं. वाईट माणूस नव्हता तो. वाईट असता तर निदान कुणाजवळ गाऱ्हाणं तरी सांगता आलं असतं.

दोन दिवसांनी ती परत गेली. ऊन पडलं होतं.

"या ताई, विचारलं का?"

"ताई म्हणू नका."

हे आपण का म्हणालो, ते तिला कळलं नाही. उमाशंकरनं मान वाकडी केली. "मग काय म्हणू? मॅडम?"

"नको."

"मावशी?"

"काहीच म्हणू नका."

"बरं. काहीच, बसा. चहा सांगू का, काहीच?"

ती हसली, आणि या वेळी चुकल्यासारखं वाटायच्या आत हसून झालं.

त्या दिवशी त्यानं तीन घड्याळं एका हातात चढवली आणि स्टँडच्या फाटकापर्यंत चालून आला. पायरीवर उभं राहून तिनं त्याची पावलं तोंडानं मोजली. तिच्या मोजणीत दोनशे चाळीस झाली. पहिलं घड्याळ दोन पावलं मागं, दुसरं वीस पुढं. तिसऱ्यानं तीनशेच्या वर दाखवली.

"तिकडं चहावाल्याशी हातवारे करून बोललो, ते पण चालणंच समजलं बघा यानं."

"मग हे कोर्टातल्या वकिलांना विका. बसल्या जागी पाच किलोमीटर."

तो असा मोठ्यानं हसला, की शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं मान बाहेर काढली. घड्याळं काढताना त्याच्या उजव्या मनगटावर त्याचं स्वतःचं जुनं, चरे पडलेलं घड्याळ तिला दिसलं.

"तुम्ही उजव्या हातात का घालता?"

"डाव्या तळहातावर इष्टलिंग घेतो ना, सकाळी पूजेला. आजी म्हणायची, त्या हातात दुसरं काही बांधायचं न्हाई. सवय पडली."

गावाकडं, अणदूरला, तिचे आजोबाही असंच म्हणायचे. "म्हणजे तुम्ही आपल्याच..." ती बोलता बोलता थांबली. घरचं माणूस आडवं यावं असं इथं काही नव्हतं. ना जात, ना देव, ना बोली. हेच जास्त जिव्हारी लागलं.

तिसऱ्या खेपेला त्यानं घड्याळं उन्हात नेऊन दाखवली. एकाची काच उन्हात काळी दिसायची, ते बाद. एकाचं चार्जिंग दिवसभरही पुरत नव्हतं, ते बाद. "आणि झोप मोजणाऱ्याचं कौतुक ऐकून घेऊ नका," तो म्हणाला. "रात्रभर झोप लागली न्हाई, हे सकाळी घड्याळानं सांगायला कशाला पाहिजे? ज्याची त्याला ठाऊक असती."

"असती," ती हळूच म्हणाली.

त्यानं तिच्याकडं बघितलं. डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांकडं बघितलं, आणि नजर काढून घेतली. मग उगीच आपलंच सांगत बसला. रोज सकाळी हातलादेवीच्या डोंगरावर चालायला जातो, वरून सगळं धाराशिव काडेपेट्या मांडल्यासारखं दिसतं, एकदा... एकदा बघायला पाहिजे तुम्ही.

चौथ्या खेपेला साखरपुडा दहा दिवसांवर होता.

"आज घ्यायचंच," ती म्हणाली.

"मग सांगा. मनगट?"

"बारीक. हाड वर आलेलं."

"चालणं?"

"सकाळी जातात. डोंगरावर."

"कुठल्या डोंगरावर?"

"हातलादेवीच्या..." तोंडून निसटलं ते निसटलं.

फडक्यावरचा त्याचा हात थांबला. स्टँडवर कंडक्टर सोलापूर, सोलापूर म्हणून ओरडत होता.

"कुठल्या हातात घालतात?" त्यानं अगदी हळू विचारलं.

"उजव्या."

उमाशंकरनं आपलं जुनं घड्याळ काढलं आणि त्या जागी नवं बांधलं. चौथ्या भोकात पट्टा बसला. जास्त नाही, कमी नाही. तो कितीतरी वेळ मनगटाकडं बघत राहिला.

"काहीच," तो म्हणाला. पहिल्यांदाच त्या शब्दात थट्टा नव्हती. "हे घड्याळ हाय कुणासाठी?"

तिनं सांगितलं. अणदूरचं घर, अप्पा, मुरूम, साखरपुडा, दोन भाऊ, शिवलीला, एक मांडव. सांगताना ती काउंटरच्या काचेवर बोटानं रेघा ओढत होती. सांगून झालं तरी बोट थांबेना.

"तीन महिने आधी यायचं व्हतं," तो म्हणाला.

"आधी कशाला चढले असते मी दुकानात? घड्याळ लागलं म्हणून तर आले."

मग तो घाईघाईनं म्हणाला, "मी येऊ का अणदूरला? अप्पांशी बोलतो. घर बघतील, माणूस बघतील. नाव ठेवण्यासारखं न्हाई काही माझ्यात. जरा जास्त बोलतो... तेवढंच."

भुवनेश्वरीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच पाण्यातून ती हसली. "मी बोलते. रविवारी."

त्यानं घड्याळाच्या सेटिंगमध्ये 'उजवा हात' लावून दिला, ते खोक्यात ठेवलं, आणि खोकं तिच्या हातात देताना बोटं जरा जास्त वेळ तिथंच राहिली.

"येते," ती म्हणाली.

"या. वाट बघतो."

रविवारपर्यंतचे चार दिवस तिचे होते. लॅबमध्ये सुई टोचताना ती लोकांना "दुखलं का हो?" विचारायची, आणि लोक म्हणायचे, बाई, आज काय गोडीत हाय!

रविवारी अणदूरच्या अंगणात सोयाबीनचा ढीग पडला होता. अप्पा वाळल्या दाण्यांतून हात फिरवत होते.

"अप्पा, बोलायचं व्हतं."

"बोल की."

तेवढ्यात शिवलीला केस मोकळे सोडून बाहेर आली आणि कंगवा तिच्या हातात देत पायरीवर बसली. "अक्का, वेणी घाल. आता काय, तिकडं गेल्यावर पण तूच घालणार हाईस." भुवनेश्वरी गुंता सोडवू लागली. शिवलीला पाठमोरीच बोलत होती, आवाज बारीक करून. "खरं सांगू? सोमेश मला लई आवडतात. पण परकं घर म्हटलं की भ्या वाटतंय मला. तू असणार म्हणूनच व्हय म्हणले मी. न्हाईतर माझी हिंमत न्हाई, अक्का."

थोरलं मोडलं तर धाकटं उभं राहत नाही. एका घरातून नकार गेल्यावर त्याच घरात दुसरी लेक कशी जाईल? हे अप्पांनी सांगायची गरज नव्हती. भुवनेश्वरीनं तीन पेड घेतले, एकात एक घातले, शेवटाला रबर लावलं.

"काय बोलायचं व्हतं ग?" अप्पांनी विचारलं.

"काही न्हाई. घड्याळ घेतलं, म्हटलं सांगावं."

साखरपुड्यात वीरभद्रनं डावा हात पुढं केला. भुवनेश्वरीनं पहिल्यांदा तो हात बघितला. नांगराचा, ट्रॅक्टरचा, भक्कम, चांगला हात. ती पट्टा ओढत राहिली. शेवटच्या भोकालाही टोक पोचेना. मांडवभर बायका हसल्या. त्याची चुलतबहीण ओरडली, "वहिनी, माप कुणाच्या हाताचं घेतलंत?"

भुवनेश्वरीनं पट्टा सोडला. वीरभद्रच म्हणाला, "राहू दे ग. बदलून मिळत असंल." आणि खोकं त्यानं स्वतः बंद करून तिच्या हातात दिलं. तिच्या खाली गेलेल्या मानेकडं त्यानं बघितलं असावं. त्याला वाटलं, लाजली.

तिसऱ्या दिवशी दोघी बहिणी धाराशिवला दुकानात चढल्या. उमाशंकर उठून उभा राहिला. तो काही बोलायच्या आधी शिवलीलानं खोकं काउंटरवर ठेवलं.

"दादा, आमच्या भावजींना हे लहान होतंय. पट्टाच पुरत न्हाई."

एवढ्यावर त्याला सगळं कळलं. रविवार कसा गेला, ते विचारायची वेळच आली नाही. तो खाली बसला. खणातून लांब पट्टा काढला. आखूड पट्ट्याच्या बारीक पिना काढायला एरवी त्याला क्षण लागायचा, त्या दिवशी दोनदा पिन हातातून पडली.

"घालणार कुठल्या हातात?" त्यानं मान वर न करता विचारलं.

"डाव्या," शिवलीलाच म्हणाली.

त्यानं घड्याळाच्या काचेवर बोट फिरवलं. उजवा गेला, डावा आला. "झालं."

"आणि हा जुना पट्टा?"

"राहू द्या इथं. बसंल कुणाला तरी."

शिवलीला गाडी लागली का बघायला पुढं गेली. भुवनेश्वरी पायरीजवळ थांबली. "मी... तोंडच उघडलं न्हाई."

"कळलं."

"तुम्ही तरी काही बोला."

त्यानं तिच्याकडं बघितलं. एकच शब्द होता दोघांमध्ये, थट्टेत सापडलेला, 'काहीच'. तो त्यानं आत्ता उच्चारला असता, तर तिचा पाय पायरीवरून खाली गेला नसता. हे तिला ठाऊक होतं. त्यालाही ठाऊक होतं. रस्त्याच्या पलीकडून शिवलीला हात हलवून बोलावत होती. "अक्का, चल की!"

उमाशंकरनं आखूड पट्टा तळहाताखाली दाबून धरला.

"सांभाळून उतरा, ताई," तो म्हणाला.

पाऊस कधीच सरला होता. पायरी कोरडी होती, पोतंसुद्धा कुणी उचलून नेलेलं. तरी भुवनेश्वरी सांभाळून उतरली.