मग दाबतं कोण?

डॉक्टर सत्यम पाथ्रीकरांना माणसांचा कंटाळा होता, पित्ताशयं मात्र आवडायची. पित्ताशय प्रश्न विचारत नाही, सोबत सात नातेवाईक आणत नाही आणि खाटेखाली भाकरीचं गाठोडं ठेवत नाही. औरंगपुऱ्यातल्या त्यांच्या हॉस्पिटलात दुर्बिणीनं ऑपरेशनं व्हायची. चार भोकं, पंचवीस मिनिटं, दुसऱ्या दिवशी सुट्टी. सहा वर्षांत एकाही माणसाचं पोट उघडावं लागलं नव्हतं, हे ते स्वतःच सगळ्यांना ऐकवत. दुसरं कुणी कौतुक करील याची वाट बघण्याइतका धीर त्यांच्यात नव्हता.

अजिनाथ त्या मंगळवारचा पहिला पेशंट. दौलताबादच्या पलीकडचा मेंढपाळ, वय तीस-बत्तीस, पित्ताशयात खडे. सोबत एकटी आई, कस्तुराबाई. आदल्या दिवशी तपासणीच्या खोलीत ती खुर्ची सोडून भिंतीशी उकिडवी बसली आणि तेवढ्यावरून डॉक्टरांनी तिची किंमत करून टाकली.

"रगत आलं तर?" तिनं विचारलं.

डॉक्टरांनी ड्रॉवरमधून एक पिचकारी काढून तिच्यापुढं नाचवली. "ही आहे ना. पांढरी पावडर. लांब नळीतून आत फुंकायची. रक्तावर बसली की रक्त थांबलं. तुमच्याकडं काय लावतात, शेण?"

"शेण नाय. मेंढराला लागलं तर लोकर जाळून राख भरतो. पर नुसती टाकून भागत नाय. अंगठ्यानं दाबून धरावं लागतं, रगताचा जोर मोडेस्तोवर. तुमी हात घालता आत?"

"हात जातच नाही, आजी. भोकं करंगळीएवढी असतात."

"मग दाबतं कोण?"

डॉक्टरांनी सिस्टर सुकेशनीकडं बघितलं. ऐकलंस ना, असा चेहरा. "तुमचं कुणी असेल तर पाठवा आत दाबायला. पायताणं तेवढी बाहेर काढायला सांगा."

कस्तुराबाई हसली नाही. "बरं, सांगते," म्हणाली आणि पदर सावरून उठली.

मंगळवारी सकाळी थिएटरच्या दाराशी वहाणांचा एक जोड होता. जाड तळाच्या, नाल ठोकलेल्या, धुळीनं माखलेल्या गड्याच्या वहाणा. अजिनाथ तर ट्रॉलीवरून आत गेला होता. डॉक्टरांनी त्या पायानं बाजूला उडवल्या. "हे हॉस्पिटल आहे का आठवडी बाजार? फेकून दे," ते सुकेशनीला म्हणाले. तिनं त्या उचलल्या. आतून अजून गरम होत्या. सरांपुढं बोलून उपयोग नसतो हे ती चार वर्षांपूर्वीच शिकली होती.

कस्तुराबाईचा किस्सा डॉक्टरांनी टेबलाशी उभं राहिल्या राहिल्या भूलतज्ज्ञ डॉक्टर अपेक्षांना दोनदा सांगितला. पहिल्या वेळी त्या नीट हसल्या नव्हत्या.

अठराव्या मिनिटाला पित्ताशय सुटून बाहेर आलं. मग पडद्यावर, लिव्हरच्या ज्या खाचेतून ते सोलून काढलं होतं तिथून, रक्त पाझरायला लागलं. डॉक्टरांनी विजेच्या चिमट्यानं जागा जाळून बघितली. पाझर वाढला.

"सर, गॉझ सोडू का आत? चिमट्यानं दाबून धरा थोडा वेळ," सुकेशनी म्हणाली.

"तू पण लोकर जाळणाऱ्यांतलीच का?"

त्यांनी पावडर फुंकली. पडदा धुरकटला, निवळला. खाचेवर पांढरा थर बसला होता आणि खालून लाल डाग वर येत होता. त्यांनी पुन्हा फुंकली. नळीचं टोक रक्ताला लागलं, आत लगदा झाला, पिचकारी तुंबली. त्यांनी ती फेकून दुसरी मागितली.

"कशाचा वास येतोय?" अपेक्षांनी विचारलं. "केस जळाल्यासारखा."

"मघाशी जाळलंय ना मी," डॉक्टर म्हणाले. पण पोटात केस नसतात हे त्यांनाही ठाऊक होतं.

"प्रेशर ऐंशी."

दुसरी पिचकारी संपली. रक्त थराखालून वाट काढून लिव्हरच्या कडेनं ओघळत होतं.

"सत्तर. सर, पोट उघडा आता. माणूस जाईल."

उघडायला हवं होतं. शिकाऊ डॉक्टरलाही कळलं असतं. पण सहा वर्षांची फुशारकी एका मेंढपाळापायी मोडायची, हे पाथ्रीकरांच्या गळी उतरेना. त्यांनी तिसरी पिचकारी घेतली आणि सगळी आत रिकामी केली.

पडदा पांढरा झाला. काहीच दिसेना. सगळे थांबले.

हळूहळू निवळलं. रक्त थांबलं होतं.

पांढऱ्या थराच्या मधोमध एक खळगा पडला होता. नळीचं टोक लागलं असेल, असं डॉक्टर म्हणणार होते. पण नळी त्यांनी केव्हाच मागं ओढली होती, आणि दोन्ही चिमटे पडद्याच्या कडेला, सगळ्यांना दिसतील असे, स्थिर होते.

खळगा खोल होत होता. खालचं लिव्हर दबत चाललं होतं.

त्यात बारीक रेषा उमटल्या होत्या. गोल, एकीत एक.

"प्रेशर नव्वद," अपेक्षा म्हणाल्या. "शंभर."

डॉक्टरांनी पोटात एक नळी ठेवली, तिला पिशवी जोडली आणि घाईघाईनं कॅमेरा बाहेर काढला.

चार वाजता ते वॉर्डात आले. अजिनाथ जागा होता, नळीतलं पाणी स्वच्छ होतं. आई खाटेशी जमिनीवर बसली होती. सकाळचा तो खळगा डॉक्टरांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता आणि या दोघांमुळं आपण घाबरलो याचाच त्यांना भयंकर राग आला होता.

"डाक्टर, हात काढा ना आता," अजिनाथ म्हणाला. "लई दाबलाय."

"गॅस आहे तो. ऑपरेशनला पोटात भरतात."

"गॅसला नख असतंय का?"

शेजारच्या खाटेवरचे लोक बघायला लागले.

"सोडायला सांगू का?" कस्तुराबाईनं विचारलं. "तुमी म्हणत असाल तर सांगते."

"सांगा की," डॉक्टर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "म्हणावं, डॉक्टरांची परवानगी आहे."

ती उठली. लेकाच्या पोटाकडं वाकली. कामाला लावलेल्या घरच्या माणसाला म्हणावं तसं हळूच म्हणाली, "सोड रं."

अजिनाथनं मोकळा श्वास घेतला.

मग नळी लाल झाली.

आधी दोऱ्याएवढी धार, मग पूर्ण. पिशवी तळातून भरायला लागली. अजिनाथचे ओठ पांढरे पडत चालले. सुकेशनी थिएटरकडं पळाली, पण थिएटर तयार व्हायला वीस मिनिटं लागतात आणि पिशवीला तेवढी लागणार नव्हती.

"सांगा त्याला," डॉक्टर म्हणाले. "दाबायला सांगा."

"आता माझं नाय ऐकायचं त्ये. परवानगी तुमची व्हती. तुमीच सांगा."

शेजारच्या खाटेवरचे सगळे त्यांच्याकडं बघत होते. डॉक्टर वाकले.

"धरा," ते पोटाला म्हणाले.

पिशवी भरत होती.

ते गुडघ्यावर आले. "धरा. पाया पडतो, धरा."

चादर बरगडीखाली अंगठ्याएवढी खचली. अजिनाथ कण्हला. नळीतली धार तुटली, मागचं पाणी फिकट होत गेलं.

"आला," अजिनाथ म्हणाला.

आत रक्त साचून पोट कडक लागतंय का, हे बघायला हवं होतं. इतक्या वर्षांची सवय. डॉक्टरांनी बोटं चादरीखाली घातली आणि बरगडीच्या खाली, त्या खळग्याच्या कडेला, टेकवली.

आतून कुणीतरी ती बाजूला सारली.